इंजिन उघडण्याआधी : पद्मिनीच्या १०८९ सीसी पेट्रोल इंजिनाचा अभ्यास



आय.सी. इंजिन हा विषय आपण सगळेच शिकतो. ऑटो सायकलचं न्युमेरिकल सुटतं, व्हायव्हात चार स्ट्रोकची नावं धडाधड सांगता येतात. पण दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलं की शेजारचे काका हमखास विचारतात, "तू मेकॅनिकलला आहेस ना रे? बघ बरं, आमची गाडी का गरम होतेय." आणि तिथं आपली दांडी उडते. गॅरेजवाला मात्र बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल देतो, "साहेब, इंजिनाचं काम निघालंय."

हे तीन शब्द मालकाला फार महागात पडतात. हेड खोलणं, बोअर करणं, पिस्टन-रिंग, बेअरिंग, आणि पंधरा दिवस गाडी बंद. कधी काम खरंच निघालेलं असतं. पण पुष्कळदा दोष इंजिनाच्या बाहेर, एखाद्या स्वस्त वस्तूत दडलेला असतो. मग इंजिन उघडूनही तक्रार तशीच राहते आणि पैसे तेवढे जातात. जुन्या इंजिनाची बहुतेक दुखणी त्याच्या स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलेली असतात. ते आकडे नीट वाचता आले आणि बाहेरून चार-पाच मापं घेता आली, तर उघडायचं की नाही हे आपण पुराव्यानिशी सांगू शकतो. या लेखाचा हेतू एवढाच आहे.

गाडी कोणती?

अभ्यासासाठी आपल्याच महाराष्ट्रात बनलेली गाडी घेऊ. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी सुरू केली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ पासून बनणारी 'फियाट ११०० डिलाइट' पुढे १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. खाजगी गाड्या मात्र हौसेने सांभाळणारे लोक अजून आहेत.

अभ्यासाला हे इंजिन फार सोयीचं आहे. त्यात संगणक नाही, सेन्सर नाही, स्कॅनर लावायला जागा नाही. जे काय आहे ते डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं.

कागदावरचे आकडे

सिलिंडर : एका ओळीत चार, फोर स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं
बोअर व स्ट्रोक : ६८ मिमी × ७५ मिमी
क्षमता : १०८९ सीसी
कॉम्प्रेशन रेशो : ७.३ : १
शक्ती : सुमारे ४० अश्वशक्ती, ४८०० आरपीएमला
टॉर्क : सुमारे ७१ न्यूटन-मीटर, ३००० आरपीएमला
ब्लॉक : ओतीव लोखंड (कास्ट आयर्न)
हेड : अॅल्युमिनियम
वाल्व्ह : हेडमध्ये; कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, मधे पुशरॉड आणि रॉकर
इंधन : एकच बॅरल असलेला कार्बोरेटर, कॅमवर चालणारा यांत्रिक पेट्रोल पंप
इग्निशन : पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, डिस्ट्रिब्युटर

आता वही-पेन घ्या.

एका सिलिंडरचं आकारमान = ०.७८५४ × ६.८ × ६.८ × ७.५ = २७२.४ घनसेंमी. गुणिले चार केलं की १०८९ येतात. म्हणजे आकडा पाठ करायची गरज नाही.

कॉम्प्रेशन रेशो ७.३, म्हणून पिस्टन वर असताना उरणारी जागा = २७२.४ ÷ ६.३ = ४३.२ घनसेंमी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पिस्टनचा सरासरी वेग = २ × ०.०७५ × ४८०० ÷ ६० = १२ मीटर प्रति सेकंद. आता मारुती ८०० चं इंजिन घ्या. तीन सिलिंडर, बोअर ६८.५, स्ट्रोक ७२ मिमी, क्षमता ७९६ सीसी. नंतरच्या इंजेक्शनवाल्या मॉडेलची शक्ती ५००० आरपीएमला सुमारे ३७ अश्वशक्ती. तिथंही पिस्टनचा वेग बरोबर १२ मीटरच येतो! म्हणजे दोन्ही इंजिनं सारखीच धावतात. तरी पद्मिनी लिटरमागे ३७ च्या आसपास अश्वशक्ती देते आणि मारुती ४६ च्या पुढे. हा फरक हवा आत घेण्यात आणि ज्वलनात आहे. पद्मिनीचं इंजिन दमलेलं नसतं, त्याची घडणच जुन्या काळच्या पेट्रोलला धरून केलेली आहे. तेव्हा "पिकअप नाही" ही तक्रार ऐकली की आधी विचारा, नवीन असताना तरी किती होता?

नांदेड ते लातूर : हवेचा हिशोब

आपल्या भागाचा विचार केल्याशिवाय हे आकडे अपुरे आहेत. नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर, लातूर ६३० मीटरवर. लातूरला हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्के कमी असतो. त्यात मे महिन्यात पारा ४२ वर. मुंबईच्या २७ अंशांच्या हवेशी तुलना केली, तर एका लिटरमध्ये मावणारी हवा वजनाने जवळजवळ बारा टक्के कमी भरते. हवा कमी तर शक्ती कमी. चाळीसातले ढोबळमानाने पस्तीस घोडेच हाती राहतात.

म्हणजे नांदेडच्या लातूर फाट्यावरून निघालेली गाडी लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाताना जवळजवळ पावणेतीनशे मीटर वर चढते, आणि भर दुपारी चारजण बसवून चढताना ती रडते. यात इंजिनाचा दोष शून्य आहे. हे भौतिकशास्त्र आहे, त्याला बोअर करून उपाय नाही.

नेहमीच्या तक्रारी

*१) गाडी गरम होते*

मराठवाड्यात पहिला नंबर या तक्रारीचा. पेट्रोलमधून मिळालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने पाव भाग चाकांच्या कामी येतो, आणि जवळजवळ तेवढीच किंवा जास्तच उष्णता पाण्याला बाहेर काढावी लागते. पूर्ण शक्तीवर ती सुमारे ३० किलोवॅट झाली. म्हणजे होस्टेलच्या खोलीत लपवून ठेवतात तसले पंधरा मोठे गिझर-रॉड एकदम चालू!

ही उष्णता पाण्यात जायला मधे फक्त धातूची भिंत हवी. पण आपण रेडिएटरला बोअरचं पाणी पाजतो. ते जड असतं आणि तापलं की क्षाराचा थर बसतो. हा थर लोखंडाच्या तुलनेत पंचवीस पटींहून कमी उष्णता वाहतो. म्हणजे एक मिलीमीटर क्षार हा इंचभर जादा लोखंडासारखा आडवा येतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात रेडिएटरच्या वाट्याला कसलं पाणी येत असेल ते सांगायला नको. उपाय साधा आहे : बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. एकदा भरलं की गळती नसेल तर पुन्हा-पुन्हा ओतावं लागत नाही. आणि हो, आरओ मशीन जे पाणी बाहेर फेकतं ते चुकूनही वापरू नका, त्यात क्षार उलट एकवटलेले असतात.

दुसरी गोष्ट झाकणाची. लातूरला उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं. रेडिएटर कॅपची स्प्रिंग समजा ०.५ बारचा दाब धरते, तर तेच पाणी ११० अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर फाटलं की हे बारा अंश गेले. गाडी "उकळते" म्हणून हेड खोलण्याआधी कॅप तपासा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, कारण गरम कॅप उघडणं म्हणजे तोंड भाजून घेणं.

तिसरी गोष्ट, "थर्मोस्टॅट काढून टाका, गरम होणार नाही" हा सल्ला. त्याने मूळ दोष झाकला जातो. सकाळी इंजिन लवकर तापत नाही, चोक जास्त वेळ लागतो, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि बोअर झिजतो. गरम होण्याची तक्रार जाऊन ऑइल खाण्याची येते.

गरम होण्याकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं? पुन्हा स्पेसिफिकेशन बघा : ब्लॉक लोखंडी, हेड अॅल्युमिनियम. अॅल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट प्रसरण पावतं. हेड समजा ४०० मिमी लांब आणि तापमानवाढ ८० अंश धरली, तर हेड ०.७४ मिमी वाढतं आणि ब्लॉक ०.३५ मिमी. जवळजवळ ०.४ मिमीचा हा फरक मधल्या गॅस्केटला दर वेळी सोसावा लागतो. रोजच्या तापमानाला ते सोसतं. एकदा गाडी जबर तापली की हेड वाकतं, गॅस्केट फुटतं, आणि तेव्हा मात्र काम खरंच निघतं.

मग हेड लेथवर किंवा सरफेस ग्राइंडरवर फेस करतात. समजा १ मिमी काढलं आणि चेंबरचं तोंड बोअरएवढंच धरलं, तर ३.६ घनसेंमी जागा गेली. ४३.२ चे ३९.६ राहिले, रेशो झाला ७.९. आजच्या पेट्रोलवर हे चालून जातं. पण तेच हेड तिसऱ्या-चौथ्यांदा फेस झालं असेल तर ठोके ऐकू येतील. म्हणून फेस करताना किती काढलं ते मालकाच्या वहीत लिहून ठेवायला सांगा.

*२) उन्हात बंद पडते, थंड झाल्यावर चालू होते*

पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून आहे आणि पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतात. गाडी पळत असते तोवर वारा लागतो. चहाला दहा मिनिटं थांबलं की इंजिनाची धग पंपात शिरते, नळीत वाफ धरते, आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओलं फडकं ठेवण्याची ड्रायव्हर लोकांची युक्ती शास्त्राला धरूनच आहे. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून लांब नेणं आणि पंपाचा डायफ्राम तपासणं. याच लक्षणाचा दुसरा संशयित आहे तापल्यावर दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सर. फरक कसा ओळखाल? बंद पडल्याबरोबर ठिणगी बघा. ठिणगी असेल तर पेट्रोलकडे वळा, नसेल तर कॉइलकडे.

*३) मिसिंग मारते, ओढत नाही*

४८०० आरपीएमला चार सिलिंडर म्हणजे मिनिटाला ९६०० ठिणग्या, सेकंदाला १६०. एवढ्या वेळा पॉइंट उघडतो आणि मिटतो. त्याची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो, म्हणजे टायमिंग मागे पडतं. टायमिंग मागे पडलं की ज्वलन उशिरापर्यंत चालतं, शक्ती घटते आणि एक्झॉस्टच्या बाजूने उष्णता वाढते. बघा, "ओढत नाही" आणि "गरम होते" या दोन तक्रारींचं मूळ एका झिजलेल्या पॉइंटमध्ये असू शकतं! अशा पॉइंटचा गॅप सर्वसाधारणपणे ०.४ ते ०.५ मिमी असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. हत्यार लागतं ते फक्त फीलर गेज. पॉइंट काळे पडून खड्डे पडत असतील तर कंडेन्सरही बदला.

*४) धूर आणि ऑइल*

रंग आणि वेळ, दोन्ही बघा.
काळा धूर : पेट्रोल जास्त. एअर फिल्टर, चोक, फ्लोट, जेट बघा.
पांढरा, इंजिन तापल्यावरही न थांबणारा, सोबत रेडिएटरचं पाणी कमी : हेड गॅस्केट.
निळा, सकाळी सुरू करताना थोडाच वेळ किंवा उतारावर पाय सोडून पुन्हा दाबल्यावर : वाल्व्हच्या गाइडमधून ऑइल झिरपतंय.
निळा, चढावर जोर लावताना सतत : रिंग आणि बोअर.

चारांपैकी शेवटच्या एकालाच पूर्ण इंजिन उघडावं लागतं. बोअर झिजण्याचं आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे धूळ. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत कच्च्या रस्त्याने गाडी फिरली की फिल्टर आठवड्यात भरतो. कंपनीच्या पुस्तकातलं अंतर आपल्या धुळीला लागू नाही.

*५) वाल्व्ह*

पुशरॉड, रॉकर, वाल्व्ह ही लांबलचक साखळी असल्यामुळे टॅपेटचा गॅप वरचेवर बघावा लागतो. वाजणारा टॅपेट लोकांना खटकतो म्हणून तो आवळून गप्प करतात. हे धोक्याचं आहे. गॅप उरला नाही तर तापल्यावर वाल्व्ह पूर्ण मिटत नाही, कडेने जळते वायू निसटतात आणि वाल्व्ह जळतो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. पूर्वी शिसं वाल्व्हच्या सीटवर गादीसारखं काम करायचं. सीटची कडी पुरेशी कठीण नसेल तर वाल्व्ह हळूहळू आत रुततो आणि गॅप आपोआप कमी होतो. तेव्हा टॅपेट "फार शांत" झाला तर खूश होऊ नका, गेज घाला.

नवीन पेट्रोल, जुनं इंजिन

२०२३ पासून टप्प्याटप्प्याने वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि २०२५ मध्ये ते देशभर पोचलं. आपल्या उसाच्या पट्ट्याला ते फायद्याचं आहे. पण पद्मिनीचा कार्बोरेटर जुन्या पेट्रोलवर बेतलेला. साध्या पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरवरून हे ओळखून घेते. कार्बोरेटरला ते कळत नाही, आणि मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. परिणाम : धक्के, गरम होणं, सकाळी उशिरा चालू होणं. गंमत म्हणजे लातूरच्या उंचीवरच्या विरळ हवेमुळे मिश्रण मुळात थोडं घट्ट होतं, त्यामुळे काही भरपाई आपोआप होते. उरलेल्यासाठी जेट एक नंबर मोठा घालता येतो. पण आधी रबर बघा. जुन्या नळ्या, पंपाचा डायफ्राम आणि गॅस्केट इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आगीला आमंत्रण. इथं चालढकल नको.

उघडण्याआधीच्या पाच चाचण्या

१. *प्लग वाचणे.* चारही प्लग काढून क्रमाने ठेवा. फिकट तपकिरी : ठीक. कोरडी काजळी : पेट्रोल जास्त. ओलं ऑइल : त्या सिलिंडरची रिंग किंवा गाइड. पांढरेफटक : मिश्रण पातळ किंवा टायमिंग चुकलेलं.

२. *गॅप आणि टायमिंग.* प्लग, पॉइंट, टॅपेट. तिन्ही मॅन्युअलप्रमाणे लावून मगच पुढे जा.

३. *व्हॅक्यूम गेज.* चांगलं इंजिन स्लो-रनिंगला समुद्रसपाटीवर १७ ते २१ इंच दाखवतं. नांदेडला त्यातून एक आणि लातूरला दोन इंच वजा करा. मुंबईचं पुस्तक घेऊन लातूरचं इंजिन नापास करू नका! काटा स्थिर हवा. ठरावीक तालात झटका देत असेल तर वाल्व्हवर संशय.

४. *कॉम्प्रेशन टेस्ट.* इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज असलेली. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक.

५. *ओली टेस्ट.* कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंग झिजल्यात. वाढला नाही तर वाल्व्ह किंवा गॅस्केट.

उदाहरण घ्या. समजा चार सिलिंडरचे आकडे १२५, ८०, ८२, १२२ पीएसआय आले आणि ऑइल घालूनही वाढले नाहीत. दोन आणि तीन शेजारी आहेत, दोन्ही सारखेच पडले. म्हणजे मधलं गॅस्केट गेलं. हेड काढायचं, ब्लॉकला हात लावायचा नाही. पण चौघांचा दाब कमी, ऑइलने सगळ्यांचा वाढतो, आणि चढावर निळा धूर, असं असेल तर गॅरेजवाला बरोबर बोलतोय. तेव्हा खुशाल उघडा.

या पाचही चाचण्यांना मिळून अर्धा दिवस लागतो. व्हॅक्यूम आणि कॉम्प्रेशन गेज आपल्या लॅबच्या कपाटात बहुधा मिळतीलच, सरांना विचारून बघा. जुने मिस्त्री कानाने आणि हाताने जे ओळखतात त्याला तोड नाही. त्यांच्या अनुभवाला आपल्या मापाची जोड मिळाली तर मालकाचा पैसा वाचतो, आणि मिस्त्रीचं नावही राहतं. म्हणून गॅरेजवर जाऊन त्यांना शिकवायला लागू नका. आकडे समोर ठेवा आणि विचारा, "मामा, तुम्हाला काय वाटतं?" निम्मं शिक्षण त्या उत्तरात असतं.

करून पाहा

१. अॅम्बॅसॅडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी, सिलिंडर चार. क्षमता काढा. (उत्तर : सुमारे १४८९ सीसी)

२. ऑटो सायकलच्या सूत्राने रेशो ७.३ आणि मारुतीचा ८.७ यांची कार्यक्षमता काढा. (उत्तर : सुमारे ५४.८ आणि ५७.९ टक्के. प्रत्यक्षात निम्मीही का मिळत नाही, हे वर कुठे आलंय ते शोधा.)

३. सुट्टीत गावातली एखादी जुनी पेट्रोल गाडी गाठा. मालकाची परवानगी घेऊन पहिल्या दोन चाचण्या करा आणि आकडे वहीत मांडा. "काम निघालंय की नाही" याचं उत्तर दोन ओळींत, कारणासह लिहा.

तिसऱ्या प्रश्नाला मार्क नाहीत. पण पुढच्या वेळी काकांनी बॉनेट उघडलं की तुम्ही मागे सरकणार नाही, एवढं नक्की.